अभ्यासिकेचे वायफाय : एका पासवर्डाऐवजी प्रत्येकाचे खाते

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आमच्या गावची अभ्यासिका ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत, टिनाच्या छताखाली भरते. गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. सभासद ४२ असून त्यांपैकी बहुतेक जण पोलीस भरती, तलाठी किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतात. लोकवर्गणीतून घेतलेली फायबरची एक जोडणी, एक राउटर आणि दोन वर्षांपूर्वी दाराच्या आत फळ्यावर खडूने लिहिलेला एक पासवर्ड, एवढीच आमची व्यवस्था आहे. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली मीच त्या वेळी बसवून दिली होती.

आज रात्री नऊ वाजता सभागृहात १९ जण बसले असताना राउटरच्या यादीत ५० उपकरणे दिसली. उरलेली बाहेरच्या निंबाच्या पारावर, समोरच्या किराणा दुकानात आणि शेजारच्या घरातील दूरदर्शन संचात असावीत. पन्नास हा आकडा इतका गोल कसा, याचा विचार मी आज केला नाही, आणि त्याची किंमत तीन दिवसांनी मोजली.

समितीने काम असे सांगितले आहे : फक्त सभासदांनाच वायफाय मिळावे आणि एखादा सभासद सोडून गेला, तर बाकीच्यांना हात न लावता त्याचे बंद करता यावे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

"सर, पासवर्ड बरोबर हाये, तरी वायफाय लागून नाई रायलं." ही तक्रार आज सहा जणांनी केली. मी प्रत्येकाच्या फोनमधील नेटवर्क काढून टाकून पासवर्ड नव्याने टाकत बसलो आणि त्यात दोन तास घालवले. त्यानंतर राउटरची नोंदवही, म्हणजे राउटर स्वतःच लिहून ठेवतो तो घटनाक्रम, उघडली. ती पहिल्यांदाच उघडायला हवी होती.

फोन वायफायला 'लागतो' म्हणजे एकामागून एक चार गोष्टी घडतात. आधी प्राथमिक ओळख होते, जी आजच्या नेटवर्कमध्ये केवळ औपचारिक असते. मग असोसिएशन, म्हणजे राउटर त्या फोनला आपल्या यादीत घेतो. मग चार संदेशांची देवाणघेवाण होते, जिच्यात दोघेही पासवर्ड हवेत न पाठवता तो आपल्याकडे असल्याचे एकमेकांना पटवून देतात. शेवटी फोन आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधील आपला क्रमांक, मागतो. पासवर्ड खरोखरच चुकला असेल, तर गाडी तिसऱ्या टप्प्यातील दुसऱ्या संदेशावर थांबते आणि राउटर 'किल्ली जुळत नसावी' अशी नोंद करतो. आमच्या सहाही फोनांचे पहिले तीन टप्पे सुरळीत पूर्ण झाले होते. चौथ्या टप्प्यावर मात्र 'पत्ता उपलब्ध नाही' अशी ओळ होती.

कारण मीच होतो. दोन वर्षांपूर्वी पत्त्यांची मर्यादा मी ५० ठेवली होती आणि प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी दिला जात होता. पारावर दहा मिनिटे बसून गेलेल्या माणसाचा फोनही दुसऱ्या दिवसापर्यंत एक पत्ता अडवून ठेवत होता. आता २२० पत्ते आणि दोन तासांची मुदत ठेवली आहे. या दुरुस्तीला तीन मिनिटे लागली.

१६ फेब्रुवारी, रविवार

पासवर्ड बदलला आणि त्याच बैठकीत सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ असा मिश्र केला. दोन बदल एकदम करणे ही चूक होती, कारण त्यानंतर तीन जुने फोन आणि प्रिंटर जोडले जाईनात, तेव्हा दोष कोणत्या बदलाचा हे कळायला मार्ग उरला नाही. तासाभराने लक्षात आले की व्यवस्थापन संदेशांचे (म्हणजे फोन जोडण्या-तोडण्याच्या संदेशांचे) संरक्षण मी 'ऐच्छिक' ठेवण्याऐवजी 'अनिवार्य' केले होते. ते ऐच्छिक केल्यावर तिन्ही फोन आले, परंतु प्रिंटर आला नाही. शेवटी फक्त डब्ल्यूपीए२ ठेवले.

(बुधवारची भर : नवा पासवर्ड पारावर पोहोचला. तो कोणी सांगितलाही नसावा. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या नेटवर्कचा क्यूआर कोड फोनच दाखवतो आणि दुसऱ्या फोनने तो टिपला की काम होते.)

२३ फेब्रुवारी, रविवार

समितीच्या एका सदस्याने सुचवले की प्रत्येक फोनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वायफायचा ओळख क्रमांक, नोंदवावा आणि यादीतील फोनांनाच आत घ्यावे. सूचना मला पटली, हे कबूल करतो. दिवसभर बसून ३८ फोनांचे पत्ते रजिस्टरमध्ये लिहिले, संध्याकाळी राउटरमध्ये टाकले आणि सगळे जोडले गेल्याचे पाहून समाधानाने घरी गेलो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

समितीची इच्छा म्हणून नेटवर्कचे नाव रोमनऐवजी देवनागरीत केले. 'सार्वजनिक अभ्यासिका' हे पूर्ण नाव राउटरने स्वीकारले नाही. नावाची मर्यादा ३२ बाइटांची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट खाते. नुसते 'अभ्यासिका' २७ बाइटांत बसले.

नाव बदलताच यादीतील बहुतेक फोन बाहेर फेकले गेले. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक नेटवर्कसाठी एक वेगळा, बनवलेला पत्ता वापरतात. नेटवर्कचे नाव बदलले म्हणजे फोनच्या दृष्टीने नेटवर्कच नवे झाले आणि पत्ताही नवा आला. रजिस्टर पुन्हा चाळले, तेव्हा खूण उघड होती : बनवलेल्या पत्त्यातील दुसरे अक्षर नेहमी २, ६, ए किंवा ई असते, आणि माझ्या ३८ नोंदींपैकी ३३ तशाच होत्या. रविवारचा दिवस वाया गेला.

यादी पुन्हा करता आली असती. परंतु मॅक पत्ता हवेत उघडाच जातो आणि लॅपटॉपवर दुसऱ्याचा पत्ता लावून बसणे अवघड नसते, त्यामुळे हा मार्ग मी सोडून दिला.

२ मार्च, रविवार

कोषाध्यक्ष काकांनी विचारले, "दर महिन्याले पासवर्ड बदलला त नाई चालत का भाऊ?" प्रश्न रास्त होता. उत्तर असे की ४२ जणांना दर महिन्याला सांगावा लागणारा पासवर्ड तीन दिवसांत पारावर जातो, हे आपण पाहिलेच आहे. शिवाय डब्ल्यूपीए२ मध्ये सगळ्यांचा पासवर्ड एकच असेल, तर तो माहीत असलेला माणूस दुसऱ्याची जोडणी सुरू होतानाचे चार संदेश टिपून त्याची पुढील वाहतूक उलगडू शकतो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खातेनाव व पासवर्ड देणारी ८०२.१एक्स पद्धत ठरली. महाविद्यालयांत आणि कार्यालयांत हीच वापरतात. हिच्यात राउटर स्वतः निर्णय घेत नाही. तो रेडियस नावाच्या सर्व्हरला विचारतो आणि सर्व्हरच्या उत्तराप्रमाणे फोनला आत घेतो. सर्व्हरसाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') जुना, यवतमाळहून ३,५०० रुपयांना आणला आणि ४५० रुपयांचे मेमरी कार्ड घेतले.

आजचे काम फक्त राउटरची तयारी हे होते. ओपनडब्ल्यूआरटीसोबत येणाऱ्या मूळ 'डब्ल्यूपॅड-बेसिक' या पॅकेजमध्ये ही पद्धत नसते, पूर्ण 'डब्ल्यूपॅड' घालावे लागते. मी आधी जुने पॅकेज काढले आणि मग नवे उतरवायला निघालो. जुने काढताच वायफाय बंद पडले आणि मी स्वतः वायफायवरूनच राउटरला जोडलेलो होतो. लॅनची केबल दारव्ह्याला माझ्या दुकानात होती. जाऊन येऊन २८ किलोमीटर आणि दीड तास. हे काम करणाऱ्याने केबल लावूनच बसावे, आणि नवे पॅकेज आधी उतरवून ठेवावे.

९ मार्च, रविवार

पायवर फ्रीरेडियस हा रेडियस सर्व्हरचा प्रोग्राम बसवला. त्याच्यासोबत येणाऱ्या नमुना फायली वापरून स्वतःचे मूळ प्रमाणपत्र आणि त्याच्या सहीने सर्व्हरचे प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हर खरा असल्याचा दाखला, तयार केले. त्या फायलींमधील प्रत्येक ओळ वाचली नाही, याची नोंद इथे करून ठेवतो. ती ८ मे रोजी उपयोगी पडेल.

पहिली अडचण अशी आली : पायवरच चाचणी घेतली की खाते मान्य होत होते, मात्र फोनवरून काहीच होत नव्हते. नकारसुद्धा येत नव्हता, चक्र नुसते फिरत राहायचे. मी दोन तास फोनच्या सेटिंगमध्ये शोधत होतो. सर्व्हर डिबग अवस्थेत, म्हणजे प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवत, चालवल्यावर कळले की राउटरकडून येणारी विनंती तो न उत्तर देताच टाकून देत आहे, कारण राउटर आणि सर्व्हर यांच्यातील गुप्त शब्द जुळत नव्हता. राउटरमध्ये तो चिकटवताना माझ्याकडून शेवटचे अक्षर सुटले होते. पायवरील चाचणी यशस्वी होण्याचे कारणही हेच, की तिथे सर्व्हर स्वतःशीच बोलतो आणि त्या जोडणीचा गुप्त शब्द वेगळाच असतो. ती चाचणी खाते तपासते, राउटरचा त्यात काहीच संबंध येत नाही.

दुसरी अडचण माझ्या अतिशहाणपणाची होती. सभासदांचे पासवर्ड उघडे ठेवू नयेत म्हणून मी ते एकेरी हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या रूपात, फाइलीत टाकले होते. फोनांमध्ये सर्रास असणाऱ्या पीईएपी-एमएसचॅपव्ही२ या ओळख तपासण्याच्या प्रकाराला मूळ पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश (विंडोजच्या पद्धतीचा हॅश) हेच दोन पर्याय चालतात. दुसरा कोणताही हॅश दिला की तपासणी करता येत नाही असे सांगून सर्व्हर नकार देतो. सगळे एनटी हॅशमध्ये बदलले. हा हॅश कमकुवत असल्यामुळे पासवर्ड सभासदांनी निवडायचे नाहीत, मीच बनवून द्यायचे, असे ठरवले. कोणाच्या बँकेचा पासवर्ड आमच्या फाइलीत यायला नको.

रात्री ११.२० वाजता पहिला फोन स्वतःच्या खात्याने जोडला गेला.

१६ मार्च, रविवार

३१ फोनांवर जोडणी करून दिली. साडेचार तास लागले. जास्तीत जास्त वेळ प्रमाणपत्राने घेतला. फोनने आपले खातेनाव कोणाला सांगावे, म्हणजे समोरचा खरोखर आमचाच सर्व्हर आहे की नाही, हे त्याला प्रमाणपत्रावरूनच कळते. ते फोनमध्ये बसवताना अँड्रॉइड तीन प्रकार विचारते. 'सीए प्रमाणपत्र' निवडले तर ते बसते, पण वायफायच्या यादीत दिसत नाही. 'वायफाय प्रमाणपत्र' हाच प्रकार निवडावा लागतो. पहिल्या पाच फोनांवर मी चुकीचा प्रकार निवडला. त्यानंतर डोमेन या रकान्यात सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरील नाव जसेच्या तसे लिहावे लागते. अँड्रॉइड १३ पासून काही फोन पहिल्या जोडणीच्या वेळी प्रमाणपत्र दाखवून विश्वास ठेवायचा का असे विचारतात, ते काम पुष्कळच सोपे झाले.

चार जुन्या फोनांत 'तपासणी करू नका' हा पर्याय होता आणि तो निवडला की फोन अर्ध्या मिनिटात जोडला जात होता. मुलांना तो अर्थातच आवडला. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या सुधारणेत हा पर्याय काढला गेला, तो उगाच नाही : तपासणी नसेल तर 'अभ्यासिका' याच नावाचे खोटे नेटवर्क पारावर उभे करून कोणीही या फोनांची ओळख घेऊ शकतो, आणि एमएसचॅपव्ही२ ची देवाणघेवाण हाती लागली की ती फोडता येते हे २०१२ सालीच जाहीरपणे दाखवले गेले आहे. त्या चारही फोनांवर प्रमाणपत्र बसवले.

२३ मार्च, रविवार

आठवडाभरात अकरा तक्रारी आल्या. या वेळी नोंदवही आधी उघडली. खातेनावे मी रोमन अक्षरे व आकडे अशी दिली होती. काही फोनांचा कीबोर्ड पहिले अक्षर आपणहून मोठे करत होता आणि काहींचा सुचवलेल्या शब्दानंतर आपणहून एक मोकळी जागा सोडत होता. फ्रीरेडियस मोकळी जागा असलेले खातेनाव दारातच नाकारते, आणि स्क्रीनवर ती जागा दिसत नसल्यामुळे मुलगा शपथेवर सांगतो की नाव बरोबर आहे. तो खोटे बोलत नसतो.

म्हणून खातेनावे फक्त आकड्यांची केली, १०१ ते १४२. दुसऱ्या दिवशी नव्या चार तक्रारी! ज्यांचा कीबोर्ड मराठी होता त्यांनी १०७ हे देवनागरीत टाकले होते. माणसाला तो एकच आकडा वाटतो, सर्व्हरला ती पूर्णपणे वेगळी चिन्हे असतात. आता प्रत्येकाच्या चिठ्ठीवर खातेनाव इंग्रजी आकड्यांत ठळक छापले आहे आणि खाली 'इंग्रजी कीबोर्ड' असे लिहिले आहे. त्यानंतर या कारणाची तक्रार आली नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

रात्री वादळ आणि अवकाळी पावसाने दीडच्या सुमारास वीज गेली, ती पहाटे सहाला आली. सात वाजता अभ्यासिकेतून फोन आला की एकालाही वायफाय लागत नाही. मी गृहीत धरले की मेमरी कार्ड गेले, आणि दुकानातून दुसरे कार्ड घेऊनच निघालो.

कार्ड ठीक होते. सर्व्हर चालू होता आणि प्रत्येकाला नाकारत होता. नोंद होती 'परवानगीच्या वेळेबाहेर'. समितीच्या सांगण्यावरून मी सकाळी ६ ते रात्री १० अशी वेळेची अट घातली होती. पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की तो शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे मोजू लागतो आणि इंटरनेट मिळाले की वेळ दुरुस्त करतो. फायबरची लाइन साडेनऊपर्यंत बंद होती. म्हणजे सकाळी सात वाजता आमच्या सर्व्हरच्या लेखी रात्रीचे सव्वादोन वाजले होते आणि त्याने नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर ठेवले होते.

डीएस३२३१ हे घड्याळाचे लहान मॉड्यूल १८० रुपयांना मागवले. ते येईपर्यंत वेळेची अट काढून ठेवली. खरे तर ती अट मला पहिल्यापासूनच अनावश्यक वाटत होती, कारण रात्री दहाला दाराला कुलूप लागतेच. परंतु पाराचा विषय निघाल्यावर समितीपुढे माझे चालले नाही.

२७ एप्रिल, रविवार

घड्याळ बसवले, वीज काढून चाचणी घेतली, वेळ टिकली. राउटर आणि फायबरचे उपकरण यांच्यासाठी १,४५० रुपयांचा छोटा यूपीएस घेतला. दुपारी छताखाली इतके तापते की पाय स्वतःचा वेग कमी करू लागला होता, म्हणून तो कपाटावरून काढून खाली भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. आतापर्यंतचा खर्च, पेट्रोल धरून, ६,७०० रुपयांच्या आसपास गेला आहे.

८ मे, गुरुवार

संध्याकाळपासून एकही फोन जोडला जात नाही. खाती बरोबर, गुप्त शब्द बरोबर, घड्याळ बरोबर. नोंदवहीत दिसले की फोनच बोलणे अर्ध्यावर तोडत आहेत. सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले : मुदत ६० दिवस, तयार केल्याची तारीख ९ मार्च. नमुना फायलींमध्ये चाचणीपुरती म्हणून ६० दिवसांची मुदत लिहिलेली असते आणि मी ती ओळ वाचली नव्हती.

फक्त सर्व्हरचे प्रमाणपत्र संपले असते, तर त्याच मूळ प्रमाणपत्रावरून नवे काढता आले असते आणि फोनांना कळलेही नसते. परंतु मूळ प्रमाणपत्राचीही मुदत तीच होती. म्हणजे सगळे फोन पुन्हा एकदा हाती घ्यावे लागणार. आज रात्रीपुरता जुन्या पद्धतीचा एक पासवर्ड सुरू करून दिला आणि घरी आलो. जेवताना कोणाशी बोललो नाही.

११ मे, रविवार

मूळ प्रमाणपत्र ३,६५० दिवसांचे आणि सर्व्हरचे ७३० दिवसांचे केले. सर्व्हरचेही दहा वर्षांचे करण्याचा मोह होता, पण आयओएस ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचे सर्व्हर प्रमाणपत्र मान्य करत नाही आणि आमच्याकडे तसे दोन फोन आहेत. दोन्ही तारखा, ११ मे २०२७ आणि ९ मे २०३५, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहिल्या.

या वेळी ४० फोनांना तीन तास लागले, कारण १६ मार्चला ज्यांचे काम झाले होते त्यांपैकी दोन मुली आणि एक मुलगा हे काम माझ्यापेक्षा वेगाने करू लागले आहेत. प्रिंटरला ८०२.१एक्स येत नाही, त्याच्यासाठी वेगळ्या नावाचे, जुन्या पद्धतीचे आणि इंटरनेट नसलेले नेटवर्क ठेवले आहे. गुरुवारचा तात्पुरता पासवर्ड बंद केला.

२५ मे, रविवार

ज्यासाठी हे सगळे मांडले, ती वेळ आज आली. खाते ११९ चा सभासद नोकरी लागून पुण्याला गेला आणि त्याचा जुना फोन धाकट्या भावाकडे राहिला. मी फाइलीतून ११९ ची ओळ काढली. फोन जोडलेलाच राहिला. आठवले की फ्रीरेडियस ही फाइल सुरू होतानाच वाचते, म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू केला. फोन तोडून पुन्हा जोडला, तरीही तो आत आला आणि सर्व्हरच्या नोंदवहीत त्याची विनंतीच दिसली नाही.

कारण राउटरमध्ये सापडले. एकदा ओळख पटलेल्या फोनची मुख्य किल्ली राउटर १२ तास जपून ठेवतो आणि तेवढ्या वेळात फोन परत आला, तर सर्व्हरला न विचारता थेट चार संदेशांच्या टप्प्यावर जातो. एरवी ही सोयच आहे, कारण पाय बंद पडला तरी सकाळी जोडलेले फोन दुपारी जोडले जातात. म्हणून ती कायमची बंद केली नाही. खाते काढले की राउटरचे वायफाय एकदा बंद करून सुरू करायचे, असे कपाटाच्या दारावर तारखांच्या खाली लिहिले.

वायफाय बंद करून सुरू केले. बाकीचे २३ फोन अर्ध्या मिनिटात परतले, आणि नोंदवहीत ११९ ला नकार दिल्याची ओळ आली. दहा मिनिटांनी धाकटा भाऊ आत येऊन सभासद होण्याचा अर्ज मागू लागला. त्याला १४३ दिला आहे.